श्वासाचा मज्जातंतु

शरीराच्या सर्व व्यापारांत श्वासोच्छ्वास हा व्यापार एका दृष्टीनें अगदीं निराळा आहे. हृदयाचे ठोके आपल्या इच्छेनें पडत नाहींत व थांबतहि नाहींत. उलटपक्षीं, हात उचलावयाचा तर आधीं तशी इच्छा व्हावी लागते. श्वास मात्र या दोन्ही राज्यांचा प्रजाजन आहे. गाढ झोपेंत तो आपल्या गतीनें चालत राहतो, आणि जागेपणीं गवई, वक्ता किंवा प्राणायामाचा अभ्यासी त्यास आपल्या मर्जीप्रमाणें लांबवितो, रोखतो व सोडतो. परंतु ज्याला आपण प्राण म्हणतों त्याचा बहुतेक भार दोन बारीक मज्जातंतूंवर आहे, ही गोष्ट मनुष्यजातीला फार किंमत देऊन कळली; आणि कळल्यावरहि तिचा उपयोग व्हावयाला कित्येक शतकें जावीं लागलीं. असें कां झालें, याचा थोडासा इतिहास आम्ही या लेखांत सांगणार आहों. आम्ही वैद्य नाहीं. तेव्हां औषधोपचाराचा सल्ला देण्याचा आमचा अधिकार नाहीं व हेतुहि नाहीं. विचारांच्या इतिहासांतील एक प्रकरण म्हणूनच आम्ही या विषयाकडे पाहतों.

प्रथम शरीररचनेविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. मेंदूच्या बुडाशीं, तो पाठीच्या कण्यांत उतरतो त्या ठिकाणीं, लंबमज्जा नांवाचा भाग आहे. श्वासाची आज्ञा तेथून सुटते. ती मेरुरज्जूंतून मानेंत उतरते. तेथें तिसऱ्या, चौथ्या व पांचव्या मज्जामुळांपासून दोन्ही बाजूंस एकेक मज्जातंतु निघतो आणि छातींतून, हृदयाच्या कडेकडेनें, खालीं जाऊन मध्यपटलास मिळतो. यास शारीरशास्त्रांत फ्रेनिक मज्जातंतु म्हणतात. मध्यपटल म्हणजे छाती व पोट यांच्यामधला घुमटाच्या आकाराचा स्नायु. आज्ञा पोंचली कीं हा घुमट आकसून खालीं बसतो, छातीची पोकळी वाढते आणि हवा आंत ओढली जाते. बरगड्यांमधील स्नायु या कामीं मदत करतात; पण स्वस्थपणें घेतलेल्या श्वासाचें बहुतेक काम मध्यपटलच करतें.

आतां या वाटेवर घाव पडण्याच्या जागा पांच आहेत: लंबमज्जा, मेरुरज्जु, खुद्द मज्जातंतु, मज्जातंतु व स्नायु यांचा संधि, आणि शेवटीं स्नायु. पांचांपैकीं कोठेंहि घाव पडला तरी जवळच्या माणसांना दिसतें तें एकच: रोग्याला धाप लागते आणि त्याचा जीव गुदमरतो. उपाय मात्र जागेप्रमाणें बदलतो. किंबहुना एका जागेचा उपाय दुसऱ्या जागीं निरुपयोगी ठरतो. म्हणून या विषयाचा सारा इतिहास म्हणजे 'घाव कोठें आहे?' या एका प्रश्नाचा इतिहास होय, असें आमचें मत आहे. यंत्रें व शस्त्रक्रिया या त्या प्रश्नाच्या मागून आल्या.

ज्यांचे ग्रंथ आज उपलब्ध आहेत अशा प्राचीन वैद्यांत हा प्रश्न नेटानें विचारणारा वैद्य गेलन होय. आशियामायनरमधील पर्गामम शहरीं इ. स. १२९ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. सन १५७ पासून कांहीं वर्षें तो तेथील ग्लॅडिएटरांचा, म्हणजे लोकांच्या करमणुकीसाठीं शस्त्रें घेऊन झुंजणाऱ्या मल्लांचा, वैद्य होता. पुढें रोममध्यें जाऊन तो बादशहांचा वैद्य झाला. रोगग्रस्त स्थानें कशीं ओळखावीं या विषयावर त्यानें एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. त्यांत पॉसेनियस नांवाच्या एका सीरियन पंडिताची हकीकत आली आहे. या गृहस्थाच्या हाताचीं शेवटचीं दोन बोटें व मधल्या बोटाचा अर्धा भाग बधिर झाला होता. वैद्यांनीं बोटांना नाना प्रकारचे लेप लावले; गुण आला नाहीं. गेलननें त्यास विचारलें, पूर्वीं कोठें मार लागला होता काय? तेव्हां असें निघालें कीं, तो गाडींतून पडला होता व पाठीचा वरचा भाग दगडावर आपटला होता. गेलननें लेप बोटांवरून काढून पाठीच्या कण्यावर लावविले, आणि रोगी बरा झाला. लेपाचा गुण किती व काळाचा किती, हें आज सांगतां येणार नाहीं; पण विचाराची दिशा अचूक होती. तोंवरची चिकित्सा 'आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं' अशा थाटाची होती. जेथें दुखतें तेथेंच दुखणें असतें असें नाहीं, हा धडा गेलननें स्पष्ट घालून दिला.

हीच दृष्टि त्यानें श्वासाकडे वळविली. रोममध्यें प्रतिष्ठित लोकांच्या समक्ष त्यानें जनावरांवर प्रयोग करून दाखविले. डुकराच्या मानेंतील स्वरयंत्राचे दोन मज्जातंतु त्यानें आवळले कीं किंचाळणारें जनावर एकदम मुकें होई. गांठ सोडली कीं पुन्हां ओरडूं लागे. मेरुरज्जु त्यानें निरनिराळ्या उंचीवर छेदून पाहिला. अगदीं वर, कवटीजवळ, छेद घेतला तर श्वास तात्काळ बंद पडे. मानेच्या खालच्या टोकाशीं घेतला तर छाती निश्चल होई, पण मध्यपटल हालत राही व जनावर जगे. यावरून मध्यपटलाचा मज्जातंतु मानेंतूनच निघत असला पाहिजे, हें त्यानें सिद्ध केलें. जिवंत प्राण्यांवर केलेले हे प्रयोग वाचतांना आज अंगावर कांटा येतो, व तो यावा हेंच योग्य. तथापि रोग्याच्या हातापायांची व छातीची हालचाल पाहून मेरुरज्जूचा घाव किती उंचीवर आहे हें सांगण्याची जी विद्या आज प्रत्येक इस्पितळांत चालते, तिचा पाया येथें घातला गेला, हें विसरतां येत नाहीं.

येथें एक शंका उत्पन्न होते. दुसऱ्या शतकांत जर इतकें ज्ञान झालें होतें, तर त्याचा उपयोग होण्यास सतराशें वर्षें कां लागावीं? याचें नेहमींचें उत्तर असें कीं, मध्ययुगांतील लोकांनीं गेलनला देव्हाऱ्यांत बसविलें व स्वतः पाहण्याचें सोडून दिलें. हें उत्तर खोटें नाहीं, पण अर्धवट आहे. आमच्या मतें खरें कारण निराळें आहे. घाव कोठें आहे हें कळलें तरी उपाय करण्यास अवधि हवा. आणि ज्याचा श्वास बंद पडला आहे त्याच्याजवळ दोनचार पळांपलीकडे अवधि नसतो. गळूं पिकेपर्यंत वैद्य वाट पाहूं शकतो, मोडलेलें हाड महिनाभर बांधून ठेवूं शकतो. श्वास तशी वाट पाहूं देत नाहीं. गेलनजवळ ज्ञान होतें, अवधि नव्हता. ज्ञान व अवधि यांची गांठ पडेपर्यंत श्वासाच्या मज्जातंतूचें शास्त्र हें केवळ मृत्यूचें कारण सांगणारें शास्त्र राहिलें.

अवधि मिळविण्याची युक्ति तत्त्वतः फार पूर्वींच सांपडली होती. व्हेसेलियसनें सन १५४३ च्या आपल्या प्रसिद्ध शारीरग्रंथांत लिहून ठेवलें आहे कीं, जनावराच्या श्वासनलिकेंत बोरूची नळी घालून फुंकलें असतां फुप्फुसें फुगतात व मंदावलेलें हृदय पुन्हां चालूं लागतें. सन १६६७ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें रॉबर्ट हुकनें छाती उघडलेल्या कुत्र्यास भात्याच्या वाऱ्यावर जिवंत ठेवून दाखविलें. छातीची हालचाल हा श्वासाचा हेतु नसून ताजी हवा फुप्फुसांत पोंचणें हा आहे. ती कोणीहि पोंचविली तरी चालतें, हा याचा अर्थ. पण हा अर्थ रोग्याच्या बिछान्यापर्यंत यावयास आणखी पावणेतीनशें वर्षें लागलीं.

मधल्या काळांत 'कोठें?' या प्रश्नाचें उत्तर अधिकाधिक नेमकें होत गेलें. सन १८१२ मध्यें लगालोआ या फ्रेंच वैद्यानें सशांवरील प्रयोगांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. मेंदूचे वरून एकामागून एक काप काढीत गेलें तरी श्वास चालतो, पण लंबमज्जेंतील एका लहानशा भागास धक्का लागतांच थांबतो, हें त्यानें दाखविलें. सगळ्या श्वासाचें मूळ अशा चिमुकल्या ठिकाणीं असावें, ही कल्पना त्या काळीं विलक्षण वाटली. आणि प्राणाचें स्थान हृदयांत कीं मेंदूंत, हा तत्त्वज्ञांचा वाद शस्त्राच्या टोकावर येऊन ठेपला.

त्यानंतर सहा वर्षांनीं, ४ नोव्हेंबर १८१८ रोजीं, ग्लासगो येथें एक भयंकर प्रयोग झाला. खुनाबद्दल फांशीं गेलेल्या एका माणसाचें प्रेत विच्छेदनासाठीं विश्वविद्यालयांत आणलें होतें. रसायनज्ञ अँड्र्यू यूर यानें त्याच्या मानेंतील फ्रेनिक मज्जातंतु उघडा करून त्यास विजेच्या घटमालेची एक तार लावली व दुसरी मध्यपटलास लावली. छाती वरखालीं होऊं लागली, पोट पुढें येऊन आंत जाऊं लागलें. मेलेला माणूस जोरजोरानें श्वास घेत आहे असें दिसलें. यूरच्या वर्णनांत तिखटमीठ बरेंच असावें, असें पुढील इतिहासकारांनीं म्हटलें आहे. परंतु त्यानें काढलेलें एक अनुमान लक्षांत ठेवण्यासारखें आहे. बुडालेल्या किंवा गुदमरलेल्या माणसाचा हा मज्जातंतु विजेनें चेतविला तर श्वास परत आणतां येईल, असें तो म्हणाला. त्याच वर्षीं मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती. लोकांनीं यूरच्या प्रयोगांत भुताटकी पाहिली. त्यांतला उपाय दिसावयास शतक उलटावें लागलें.

प्रेताकडून जिवंत रोग्याकडे हें शास्त्र वळविलें तें फ्रान्समधील ड्यूशेन यानें. बूलोन येथील कोळी व खलाशी यांच्या वस्तींतून आलेला हा वैद्य पॅरिसच्या इस्पितळांतून विजेची पेटी घेऊन हिंडे आणि त्वचेवरूनच एकेक स्नायु चेतवून पाही. सन १८५५ च्या आपल्या ग्रंथांत त्यानें मध्यपटलाचें कार्य व त्याचा पक्षाघात यांचें वर्णन केलें. निरोगी माणूस श्वास घेतो तेव्हां पोट पुढें येतें. मध्यपटल लुळें पडलें असेल तर श्वास घेतांना पोट उलट आंत ओढलें जातें. ही खूण पाहण्यास उपकरण लागत नाहीं, पैसा लागत नाहीं. रोग्याला उताणा निजवून स्वस्थपणें पाहणारे दोन डोळे लागतात. आजहि वैद्य प्रथम हीच खूण पाहतात.

सन १८९५ मध्यें राँटजेननें क्ष-किरण शोधून काढल्यावर मध्यपटल प्रत्यक्ष हालतांना दिसूं लागलें. रोग्यास नाकानें झटकन् श्वास ओढावयास सांगितलें असतां निरोगी बाजूचा पडदा खालीं येतो व लुळ्या बाजूचा वर जातो. घाव उजवीकडे कीं डावीकडे, याचें उत्तर आतां क्षणांत मिळूं लागलें. आणि या ठिकाणीं इतिहासानें एक चमत्कारिक वळण घेतलें. ज्या मज्जातंतूला जपावें कसें हें शिकावयाचें, तो मुद्दाम चिरडण्याची विद्याच आधीं वाढली.

कारण असें कीं, त्या काळीं क्षयावर औषध नव्हतें. रोगट फुप्फुसाला विसांवा दिला तर तें भरून येईल, अशी वैद्यांची समजूत होती. सन १९११ मध्यें श्टुर्ट्झ या जर्मन वैद्यानें सुचविलें कीं, रोगट बाजूचा फ्रेनिक मज्जातंतु तोडावा. म्हणजे त्या बाजूचें मध्यपटल वर चढून फुप्फुस दबेल व स्वस्थ राहील. पुढें मज्जातंतु तोडण्याऐवजीं चिमट्यानें चिरडण्याची रीत रूढ झाली; कारण चिरडलेला मज्जातंतु कांहीं महिन्यांनीं पुन्हां वाढतो. गळपट्टीच्या हाडावर लहानसा छेद, जागा बधिर करण्याचें औषध, आणि थोड्या वेळाचें काम. युरोप-अमेरिकेंतील क्षयरोगालयांतून ही शस्त्रक्रिया हजारों रोग्यांवर झाली. सन १९४३ मध्यें स्ट्रेप्टोमायसिन सांपडलें, त्यामागून दुसरीं औषधें आलीं, व ही रीत मावळली.

तिचा न्याय कसा करावा? ती क्रूर होती असें म्हणणें सोपें आहे. पण ज्या वैद्यांच्या हातीं दुसरें कांहीं नव्हतें त्यांना आज दोष देण्यांत पुरुषार्थ नाहीं. तिनें किती रोगी खरोखर बरे झाले याचा चोख हिशेब कोणी मांडला नाहीं, हा दोष मात्र खरा आहे. तरीहि त्या रोग्यांनीं, नकळत, दोन गोष्टी शास्त्राच्या पदरांत टाकल्या. पहिली ही कीं, एका बाजूचें मध्यपटल लुळें पडलें तरी एरव्हीं निरोगी माणूस बहुधा आपला व्यवहार करूं शकतो. जिना चढतांना किंवा उताणें निजतांना मात्र दम लागतो. दुसरी ही कीं, चिरडलेला परंतु न तुटलेला मज्जातंतु दिवसाला साधारण एक मिलिमीटर या मंद गतीनें पुन्हां वाढत जातो. उघड्या हृदयावरील शस्त्रक्रियेंत हृदयाभोंवतीं बर्फ ठेवल्यानें कधीं कधीं डावा फ्रेनिक मज्जातंतु गारठून निकामी होतो, असें पुढें आढळून आलें. तेव्हां 'घाई करूं नका, वर्षभर वाट पाहा' हा सल्ला ज्या धीरानें देतां आला, त्याच्या मागें क्षयरोगालयांतील तो अनुभवहि होता.

इकडे पोलिओनें निराळीच परीक्षा मांडली होती. हा रोग मेरुरज्जूंतील चालक पेशी नष्ट करतो; मानेंतील पेशी गेल्या कीं मध्यपटल थांबतें. सन १९२८ मध्यें बोस्टन येथें फिलिप ड्रिंकर व लुई शॉ यांनीं एक पत्र्याचें पिंप तयार केलें. रोग्याचें डोकें बाहेर व धड आंत. पंपानें आंतील हवा विरळ केली कीं छाती फुगावी, पुन्हां भरली कीं बसावी. यालाच पुढें 'लोखंडी फुप्फुस' म्हणूं लागले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत बोस्टनच्या मुलांच्या इस्पितळांत आठ वर्षांच्या एका मुलीस त्यांत ठेवलें. ती बेशुद्ध होत चालली होती, ती थोड्याच वेळांत शुद्धीवर आली. परंतु कांहीं दिवसांनीं फुप्फुसाच्या दाहानें ती दगावली. तरी हुकच्या भात्यानें जें कुत्र्याला दिलें तें माणसाला मिळूं लागलें होतें: अवधि.

पण अवधि मिळाला आणि 'कोठें?' हा प्रश्न लोक विसरले! लोखंडी फुप्फुस हें ज्याचे श्वासाचे स्नायु लुळे पडले आहेत त्याला तारतें. ज्याच्या लंबमज्जेवर घाला पडला आहे त्याला गिळतां येत नाहीं. तोंडांतील लाळ श्वासनलिकेंत उतरते, आणि पिंपानें ओढलेल्या प्रत्येक श्वासाबरोबर ती फुप्फुसांत जाते. अशा रोग्यास तेंच यंत्र बुडविण्यास कारण होतें. सन १९५२ च्या उन्हाळ्यांत कोपनहेगनमध्यें पोलिओची जी सांथ आली तींत नेमके असेच रोगी फार होते. ब्लेगडॅम इस्पितळांत लोखंडी फुप्फुस एक, आणि छातीवर बसवावयाचीं तशींच लहान यंत्रें सहा. पहिल्या ३१ गंभीर रोग्यांपैकीं २७ तीन दिवसांच्या आंत मेले. मुख्य वैद्य लासेन यांनीं तेव्हां ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञास बोलाविलें.

इब्सेननें प्रश्न पुन्हां मुळापासून विचारला. या रोग्यांच्या रक्तांत क्षार वाढलेले दिसत. विषाणूनें शरीरांत कांहीं अनाकलनीय बिघाड केला आहे असें वैद्य समजत. इब्सेन म्हणाला, तसें कांहीं नाहीं. श्वास अपुरा पडल्यानें अंगांत कार्बन डायॉक्साइड सांचत आहे, क्षार हा त्याचाच परिणाम. २७ ऑगस्ट रोजीं बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यास छेद देऊन त्यानें श्वासनलिकेंत नळी बसविली, साचलेली लाळ ओढून काढली, आणि रबरी पिशवी हातानें दाबून प्राणवायु आंत सोडूं लागला. मुलगी वांचली. मग हीच रीत सर्वांना लागू केली. यंत्रें नव्हतीं; म्हणून वैद्यकाचे विद्यार्थी आले. सुमारें दीड हजार विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें, रात्रंदिवस, महिनोनमहिने रोग्यांच्या उशाशीं बसून पिशव्या दाबल्या. एका वेळीं सत्तरांच्या आसपास रोगी अशा परक्या हातांच्या श्वासावर जगत होते. पूर्वीं अशा दहा रोग्यांतील आठनऊ मरत. सांथीच्या शेवटीं हें प्रमाण तिघांचौघांच्या आंत आलें. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात येथून धरतात. आम्हांस मात्र या प्रसंगांत यंत्रयुगाचा आरंभ दिसतो त्यापेक्षां अधिक कांहीं दिसतें. सतराशें वर्षें एकमेकांपासून दूर राहिलेलीं दोन सत्यें, घावाची जागा व उपायाचा अवधि, येथें एकत्र आलीं; आणि त्यांची गांठ बांधली ती एका भूलतज्ज्ञाच्या विचारानें व दीड हजार पोरांच्या हातांनीं.

यानंतरचा इतिहास या दोहोंच्या मेळाचाच आहे. यूरची कल्पना सन १९४८ मध्यें हार्वर्ड येथील सार्नॉफ व त्यांचे सहकारी यांनीं पुन्हां उचलली, आणि फ्रेनिक मज्जातंतूला विजेचे नियमित झटके देऊन श्वास चालविला. सन १९६० नंतर येल विश्वविद्यालयांतील विल्यम ग्लेन यांनीं त्वचेखालीं कायमचें यंत्र बसविण्याची पद्धति रूढ केली. ज्याचा मेरुरज्जु मानेच्या अगदीं वरच्या भागांत तुटला आहे अशा माणसाला त्यामुळें श्वासयंत्राच्या नळीपासून तासन् तास मोकळें राहतां येऊं लागलें. परंतु अट जुनीच: घाव मज्जातंतूच्या वर हवा. खुद्द मज्जातंतु मेला असेल तर विजेचा झटका कोणास देणार? तेथें दुसऱ्या मज्जातंतूचा तुकडा जोडणें, किंवा सैल पडलेल्या मध्यपटलाला चुण्या घालून तें ताणून बसविणें, असे निराळे मार्ग धरावे लागतात. म्हणून आजचा वैद्य आधीं तपासणीचा पट मांडतो. बसून व उताणें निजून मोजलेल्या श्वासांत किती फरक पडतो, ध्वनिलहरींच्या चित्रांत श्वास घेतांना मध्यपटल जाड होतें कीं नाहीं, मानेंत मज्जातंतु चेतविला असतां स्नायूपर्यंत संदेश पोंचतो कीं नाहीं, हें तो पाहतो. साधनें नवीं आहेत. प्रश्न गेलनचाच आहे.

आपल्याकडे या प्रश्नाचें महत्त्व कोणाला पटवावयाचें असेल तर त्यास कोंकणांतील किंवा मराठवाड्यांतील एखाद्या पावसाळी रात्रीची आठवण द्यावी. भारतांत पोलिओचा शेवटचा रोगी २०११ सालीं सांपडला, व २०१४ मध्यें देश त्या रोगापासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. पण मण्यार आहेच. जमिनीवर निजलेल्या माणसाला ती रात्रीं चावते. दंश पुष्कळदां दुखतहि नाहीं. पहाटे पोटांत कळ येते, मग पापण्या जड होतात, शब्द अडखळतो, आणि शेवटीं श्वास मंदावतो. नागाच्या दंशानेंहि पापण्या मिटतात व श्वास थांबतो. पण घावाची जागा एक नव्हे. नागाचें विष मुख्यतः संधीच्या स्नायूकडील बाजूस अडसर घालतें. तो अडसर प्रतिविषानें व निओस्टिग्मीनसारख्या औषधानें पुष्कळ वेळां हटतो. मण्यारीचें विष मज्जातंतूचीं टोकेंच उध्वस्त करतें. मुंबईच्या परळ येथील हाफकीन संस्थेनें ज्याची परंपरा घातली तें प्रतिविष रक्तांतील विष मारील; पण मोडून पडलेलीं टोकें तें परत उभारूं शकत नाहीं. तीं नव्यानें वाढावीं लागतात, आणि त्याला दिवसच्या दिवस लागतात. तितके दिवस कोणी तरी श्वास द्यावा लागतो, बस्स. दिला तर माणूस बहुधा पूर्ण बरा होऊन आपल्या पायांनीं घरीं जातो.

महाड येथें राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं विंचूदंश व सर्पदंश यांवर जें काम केलें आहे त्याची थोरवी यासाठींच आहे, कीं तें मोठ्या शहरांतील प्रयोगशाळेंत नव्हे तर जेथें घाव पडतो तेथें झालें. कोपनहेगनच्या सांथीनंतर चार वर्षांनीं, १९५६ मध्यें, डेन्मार्कमध्येंच आपोआप फुगणारी 'अंबू' पिशवी निघाली. तिला वीज लागत नाहीं. एक माणूस लागतो. तालुक्याच्या दवाखान्यापासून जिल्ह्याच्या इस्पितळापर्यंतच्या वाटेंत, धक्के खाणाऱ्या गाडींत, ही पिशवी दाबीत बसलेली परिचारिका ही त्या दीड हजार विद्यार्थ्यांचीच वारसदार होय. परंतु ती पिशवी गाडींत असली पाहिजे, ती धरावयास शिकलेला हात असला पाहिजे, आणि पापण्या मिटलेल्या माणसाला मृत समजून सोडून न देणारा वैद्य असला पाहिजे. कारण असा रोगी हालूं शकत नसला तरी त्याला पुष्कळदां सर्व ऐकूं येत असतें.

मोठीं यंत्रें आलीं म्हणजे प्रश्न सुटला, असें मानण्याची आपल्याला संवय लागली आहे. इस्पितळाच्या उद्घाटनाच्या वेळीं किती श्वासयंत्रें आलीं याचा आंकडा सांगतात; तीं चालविणारीं माणसें किती, हें कोणी विचारीत नाहीं. बोस्टनचें पिंप उत्तम होतें, तरी कोपनहेगनमध्यें घावाची जागा न ओळखल्यामुळें तें लटकें पडलें. आणि जागा ओळखल्यावर रबराची पिशवी पुरली. ज्या गांवांत मण्यार चावण्याचा संभव आहे त्या प्रत्येक गांवापासून तासाभराच्या अंतरावर या दोन गोष्टी, जागा ओळखणारा एक वैद्य व न थकतां पिशवी दाबणारे दोनचार हात, असाव्यात एवढी मागणी करण्यास वैद्यकाची पदवी लागत नाहीं. ती आपण सर्वांनीं केली पाहिजे.